नवीन कोंबडी जुन्यांत मिसळायची कशी: रात्री दांड्यावर बसवून की जाळीआड ठेवून?

घरी पाच-सहा कोंबड्या आधीपासून आहेत आणि आता बाजारातून एखाद-दुसरी तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, आणायचा विचार चाललाय, अशांसाठी हे लिहितोय. आणली की सरळ अंगणात सोडून द्यायची हा प्रकार मी धरतच नाही, ज्यांनी एकदा केलाय ते सहसा परत करत नाहीत. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या, कोंबडीखाली रात्री पिल्लं सरकवायची पद्धत चांगलीच आहे, पण ती पिल्लांपुरती, वाढलेल्या कोंबडीला तिचा उपयोग नाही. मग उरले दोन रस्ते. अंधार पडल्यावर नवीन कोंबडी उचलून खुराड्यातल्या दांड्यावर जुन्यांच्या शेजारी बसवायची, नाहीतर आठ-दहा दिवस जाळीच्या पलीकडं ठेवायची आणि मग मधली जाळी काढायची. मी दोन्ही करून बघितलंय, इथंच जुळे सोलापुरात घरामागच्या जागेत, सहा कोंबड्या आणि एक कोंबडा असताना.

आधी एक गोष्ट, कारण ती लोक हमखास गाळतात. कुठलाही रस्ता घ्या, त्याच्या आधी नवीन कोंबडी निदान १४ दिवस पूर्ण वेगळी पाहिजे, म्हणजे दुसऱ्या कोपऱ्यात, वेगळं भांडं, आणि दाणापाणी आधी जुन्यांना, मग तिला. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, अंगात शिरली तर दिसायला साधारण दोन ते पंधरा दिवस जातात आणि बाजारातली कोंबडी दिवसभर कुणाकुणाच्या डालग्याशेजारी बसून आलेली असते ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. ह्या दिवसांत पंखाखाली, शेपटीच्या बुडाशी पिसं बाजूला करून उवा बघा, नाकातून पाणी येतंय का बघा, विष्ठा बघा. मानमोडीवरचं लासोटा आणि आर टू बी लसीकरण झालंय का ते विकणाऱ्याला विचारा, उत्तर अडखळत आलं तर झालं नाही असंच धरा आणि जनावरांच्या दवाखान्यात विचारून घ्या.

आता रात्रीची पद्धत. तिचं आकर्षण मला कळतं, कारण मीही आधी तीच केली. खर्च काही नाही, जागा लागत नाही, कोंबडीला अंधारात जवळजवळ दिसत नाही म्हणून कुणी उठत नाही, कुणी टोचत नाही. दहाच्या सुमाराला मोबाईलचा टॉर्च कापडात गुंडाळून आत गेलो, तलंगेला छातीशी धरून दांड्याजवळ नेलं, तिचे पाय दांड्याला लागले तशी बोटं आपोआप मिटली. शेजारच्या म्हातारीनं, म्हणजे आमच्या सगळ्यात जुन्या लाल कोंबडीनं, कुरकुर केली, जरा सरकली आणि परत मान पिसांत घातली. मला वाटलं झालं काम. सकाळी एकमेकींचा वास लागलेला असतो, आपलीच समजतात, असं जे म्हणतात त्यावर माझाही विश्वास होता.

तसं नसतंय. कोंबडी चेहऱ्यानं ओळखते, तुरा आणि डोकं बघून, आणि उजाडलं की तिला लगेच कळतं की ही आपल्यातली नाही. कोंबड्यांत कोण कुणाला टोचणार ह्याची पक्की उतरंड असते हे नॉर्वेच्या श्येल्डरुप-एब्बे ह्या अभ्यासकानं १९२२ साली मांडलं, पण ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांना दाणे टाकताना ते रोज दिसतंच, पहिला घास कुणाचा ते ठरलेलं असतं. नवीन आली की उतरंड पहिल्यापासून लावावी लागते आणि ती भांडूनच लागते. भांडण चुकत नाही, ते कुठं होतं आणि तेव्हा पळायला जागा असते का, एवढंच आपल्या हातात असतं.

आणि इथंच माझं ठरलं. उन्हाळ्यात आपल्याकडं साडेपाचला बऱ्यापैकी उजेड होतो. खुराडं मी उघडतो साडेसहाला, मांजर आणि मुंगसाच्या भीतीनं रात्री दार घट्ट बंद असतं. म्हणजे उजाडल्यापासून दार उघडेपर्यंतचा एक तास नवीन कोंबडी त्या चार बाय पाच फुटात सहा जणींबरोबर कोंडलेली. त्या सकाळी मी दार उघडलं तेव्हा बाकीच्या नेहमीसारख्या उड्या मारत बाहेर आल्या आणि ही दिसेचना. अंड्याच्या पाटीच्या मागं, पाटी आणि पत्रा ह्यांच्यातल्या फटीत डोकं खुपसून उभी होती, मागचा भाग उघडा, पाठीची पिसं उपटलेली आणि तुऱ्यावरून रक्त ओघळून डोळ्याशी वाळलेलं. रक्त दिसलं की दुसऱ्या कोंबड्या तिथंच टोचत राहतात, लाल रंगाकडं त्यांची चोच जातेच. हळद-खोबरेल लावलं, वर जांभळं औषध लावलं म्हणजे लाल दिसू नये, आणि परत वेगळी ठेवली. पुढं तीन आठवडे ती माणूस जवळ आला तरी कोपऱ्यात डोकं घालायची. मला त्याचं फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

लोक म्हणतात, मग पहाटे पाचला उठून दार उघडायचं, त्यात काय. बरोबर आहे, ज्यांना रोज जमतं त्यांनी करावं. पण ते एक दिवस करून भागत नाही, आठवडाभर उजाडायच्या आधी तिथं उभं राहावं लागतं आणि एक दिवस जरी डोळा लागला तरी नेमका त्याच दिवशी घोळ होतो. आमची ड्यूटी सातची, रात्री परतायला कधीकधी उशीर, मला ते झेपणार नव्हतं.

दुसऱ्या खेपेला दोन तलंगा आणल्या, एक नाही. हा फरक मोठा आहे, मार दोघींत वाटला जातो आणि एकमेकींचा आधार असतो. खुराड्याच्या बाहेरच्या मोकळ्या भागात एक कोपरा वेल्डमेशच्या चौकटीनं तोडला, अर्ध्या इंचाचे चौकोन. षटकोनी तारेची नेहमीची कोंबडी-जाळी वापरू नका, तिच्यातून चोच आरपार जाते आणि तुरा पकडता येतो. वेगळे ठेवायचे १४ दिवस झाल्यावर दोघींना त्यात सोडलं, रात्री झोपायला आत एक खोकं. पहिले दोन दिवस लाल म्हातारी मानेची पिसं फुलवून जाळीशी येऊन उभी राहायची आणि ठोके द्यायची. मी मग दाण्याची भांडी जाळीच्या दोन्ही बाजूंना अगदी चिकटवून ठेवली, इकडं जुन्या ज्वारीच्या कण्या खातायत, तिकडं नव्या खातायत, मधे फक्त तार. पाचव्या दिवशी दुपारी उन्हात बघितलं तर जुन्यांतल्या दोघी आणि नव्यांतली एक जाळीला पाठ टेकून मातीत अंग घुसळत होत्या, एकीची धूळ दुसरीवर उडत होती. तेव्हाच मला वाटलं की हे होणार.

ह्या पद्धतीचा त्रास आहे, तो सांगतो. भांडी दुप्पट, सफाई दुप्पट आणि पाणी दुप्पट. आमच्या भागात नळ चार-पाच दिवसांनी येतो, उन्हाळ्यात चाळीसच्या वर पारा गेल्यावर कोंबडीला दिवसातून तीनदा गार पाणी द्यावं लागतं, त्यात हा आणखी एक कप्पा, घरच्यांची कुरकुर रास्तच असते. जागा जाते. चौकटीला पैसे लागतात, पण ती एकदा केली की टाकीमागं ठेवता येते. आणि कप्प्यावर सावली पाहिजेच, जाळीआडची कोंबडी ऊन लागलं म्हणून उठून दुसरीकडं जाऊ शकत नाही, मी वर ओलं गोणपाट टाकायचो.

तरी विचाराल तर मी जाळीच सांगेन. म्हणजे प्रत्येकाचं खुराडं वेगळं, कोंबड्यांचा स्वभाव वेगळा, माझ्या दोन खेपा म्हणजे काही फार नाही. तुमच्या दोन-तीनच कोंबड्या असतील, गरीब स्वभावाच्या असतील, खुराड्याचं दार उघडं राहून त्यांना आपण होऊन बंदिस्त अंगणात जाता येत असेल, तर रात्रीची पद्धत निभावूनही जाईल. पण घरात असील ह्या झुंजीच्या जातीच्या रक्ताची एखादी असेल, किंवा नवीन आणलेली जुन्यांपेक्षा अंगानं लहान असेल, तर रात्रीच्या भरवशावर राहू नका. गिरिराज-वनराज जातींच्या वजनदार कोंबड्यांत चार महिन्यांची गावरान तलंग टाकली तर तिचा काय निभाव लागणार.

जाळी काढायची वेळ मात्र महत्त्वाची. सकाळी काढू नका. दिवस मावळायच्या तासभर आधी काढा, भांडण झालं तरी तासाभरात सगळ्या झोपेच्या मागं लागतात आणि मिटतं. मोकळ्या जागेत दोन-तीन आडोसे ठेवा, मोडकी खुर्ची, उभं लावलेलं फळकूट, आणि दाण्याची भांडी दोन लांब लांब ठिकाणी, म्हणजे एकीनं हाकललं तर दुसरीकडं पळता येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी थोडं लवकर उठून नजर ठेवा. एक-दोन टोचे, पाठलाग, हे चालू द्या, मधे पडू नका, रक्त आलं तरच उचला.

आणि पहिले चार-पाच दिवस रात्री झोपल्यावर नवीन कोंबडीच्या गळ्याखालची दाण्याची पिशवी हातानं चाचपा. भरलेली, घट्टसर लागली तर तिला खायला मिळतंय, बाकी पळापळ दिसली तरी चालेल. रिकामी, लोंबती लागली तर दिवसभर तिला भांड्याजवळ येऊच दिलेलं नाही, मग वाट बघू नका, दोन दिवस परत जाळीआड घ्या.