दूध नको, गहू नको, हिंगसुद्धा विचारून: कर्वेनगरच्या डब्याचा आठ महिन्यांचा अनुभव

जूनमध्ये पुण्यात कर्वेनगरच्या एका काकूंचा डबा लावला, आता आठ महिने होतील, रोज दुपारी ऑफिसात हाच खातो, म्हणून म्हटलं आता लिहावं. पाचपैकी पाच दिलेत. दोन गोष्टी खटकतात, त्या पण लिहितो खाली.

आधी माझं सांगतो नाहीतर एका डब्यासाठी एवढं कोण लिहितं असं वाटेल. मला ईओई आहे, पूर्ण नाव इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस, सोप्या भाषेत अन्ननलिकेची अ‍ॅलर्जी. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी असतात, त्या अन्ननलिकेत एरवी नसतात, ह्या आजारात तिथे येऊन ठाण मांडतात, आतून सूज येते आणि वर्षानुवर्षं लक्ष दिलं नाही तर नळी कडक आणि अरुंद होत जाते. मला लहानपणापासून शिंका आणि दमा, हा आजार पण बऱ्याचदा अशाच लोकांना होतो. कॉलेजपासून मी प्रत्येक घासाला पाणी घेऊन जेवायचो, पंगतीत सगळ्यात शेवटी उठायचो, आणि घरचे म्हणायचे बघा कसा चावून चावून खातो. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या येऊन जाऊन चालूच. मग मावसभावाच्या लग्नात मसालेभाताचा घास छातीत अडकला तो अडकलाच, पाणी प्यायलो तर पाणी पण वर आलं, थुंकी गिळता येईना, शेवटी रात्री अकरा वाजता एंडोस्कोपी करून काढला. तेव्हाच आतले तुकडे तपासायला पाठवले. मायक्रोस्कोपखाली एका क्षेत्रात १५ किंवा जास्त इओसिनोफिल दिसले की ईओई धरतात, माझे ४२ होते.

पुढे सगळं झालं. आठ आठवडे अ‍ॅसिडिटीचीच गोळी मोठ्या डोसात, काहींची सूज तेवढ्यानेच जाते, माझी नाही गेली. मग दम्यासाठी वाफेतून देतात ते बुडेसोनाइड मधात घट्ट कालवून गिळायचं आणि त्यावर अर्धा तास पाणीसुद्धा नाही. त्याने फरक पडला पण तोंडात पांढरी बुरशी आली. मग डॉक्टर म्हणाले जेवणाचं करून बघू. जुनी पद्धत म्हणजे दूध, गहू, अंडी, सोया, दाणे-सुकामेवा आणि मासे असं सगळं एकदम बंद. पण २०२३ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला, मोठ्या माणसांचा, त्यात फक्त दूध बंद केलेल्यांपैकी ३४ टक्के आणि सहाही बंद केलेल्यांपैकी ४० टक्के लोकांची सूज उतरली, म्हणजे फार अंतर नाही, म्हणून आम्ही दूध आणि गहू दोनच धरले. हातावर टोचून करतात ती अ‍ॅलर्जी टेस्ट ह्याच्यात उपयोगाची नाही, माझ्या टेस्टमध्ये फक्त घरातल्या धुळीतले किडे निघाले. बंद करा, एंडोस्कोपी करा, एक परत चालू करा, पुन्हा एंडोस्कोपी करा, हाच रस्ता. माझे दोन्ही निघाले, दूध पण आणि गहू पण.

आता पुण्यात राहून दूध आणि गहू बंद म्हणजे काय ते पुणेकरांना वेगळं सांगायला नको. अमृततुल्यचा चहा गेला, मस्तानी गेली, मिसळ चालते पण पाव नाही. ते मी सोडलं, त्याचं आता काही वाटत नाही. प्रश्न रोजच्या दुपारच्या जेवणाचा होता, कारण बायको सकाळी सातला बाहेर पडते, मी साडेआठला, आणि भाकरी थापायला आम्हाला दोघांनाही वेळ नाही.

काकूंच्या आधी एक डबा लावला होता, नाव लिहीत नाही. त्यांना सगळं कागदावर लिहून दिलं होतं. तीन आठवड्यांनी सार जरा आंबट लागलं म्हणून विचारलं तर म्हणाले थोडंसं दही घातलं होतं, पण काही झालं नाही ना तुम्हाला? इथेच सगळी गोम आहे आणि हे मला मनापासून सांगायचंय. ह्या आजारात बहुतेक वेळा लगेच काहीच होत नाही. अंगावर पित्त उठत नाही, ओठ सुजत नाहीत. सूज हळूहळू दिवस-आठवड्यांत चढते, आणि आत किती सूज आहे ते गिळताना होणाऱ्या त्रासावरून नीट कळत पण नाही, एंडोस्कोपीतच कळतं. म्हणजे मंगळवारच्या डब्यात काय होतं ते मला मंगळवारी कळणार नाही, महिन्याभराने पण कळणार नाही की तो मंगळवारच होता. त्यामुळे डबा करणाऱ्या माणसाने खरं सांगणं एवढाच माझ्याकडे आधार आहे. चव, भाव, वेळ सगळं त्याच्यानंतर.

काकूंनी पहिल्याच फोनवर मला उलटे प्रश्न विचारले. ताक नाही म्हणजे कढी नाही, बरोबर? तुपाचं काय, तूप पण दुधाचंच ना? रवा, शेवया, दलिया सगळं गव्हातच धरायचं ना? मेतकूट खाता का, त्यात आमच्याकडे गहू असतो. थालीपिठाच्या भाजणीत पण थोडे गहू असतात हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं, त्यांनी सांगितलं. आता माझी भाजणी वेगळी भाजतात, बिनगव्हाची.

आणि हिंग. डबा सुरू होऊन चारच दिवस झाले होते, संध्याकाळी फोन आला, "अरे, आज डबी संपली म्हणून नवीन आणली आणि चष्मा लावून मागचं वाचलं, तर हिंगात गव्हाचं पीठ लिहिलंय. चारही दिवस मी फोडणीत घातलंय. तुला सांगायलाच पाहिजे म्हणून फोन केला." चिमूटभर हिंगाने माझं काही बिघडलं असेल असं डॉक्टरांनाही नाही वाटलं. पण त्यांनी सांगितलं नसतं तर मला जन्मात कळलं नसतं. त्या दिवशी मी बायकोला म्हटलं, डबा आता बदलायचा नाही. बाजारात मिळतो त्या बऱ्याच पूड हिंगात गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो, ज्यांना गहू बंद आहे त्यांनी डबीची मागची बाजू जरूर वाचा. आता माझ्या फोडणीत हिंगच नाही, जिरं आणि लसूण वाढवलंय, आमटी तेवढीच छान लागते.

पीठ गिरणीतून आणत नाहीत, कारण तिथे आपल्या ज्वारीच्या आधी कोणाचे गहू दळले ते आपल्याला माहीत नसतं. घरात घरघंटी आहे, माझी ज्वारी आणि तांदूळ आधी दळून घेतात, गहू नंतर. कढई आणि पळी वेगळी ठेवलीय.

चवीचं बोलायचं तर साधं घरचं जेवण. चिंचगुळाची आमटी फार सुंदर, डाळिंब्यांची उसळ महिन्यातून दोनदा तरी असते, अळूची भाजी दाणे घालून, भरली वांगी. कढीच्या जागी कोकमाचं सार किंवा नारळाच्या दुधाची सोलकढी. भात मुद्दाम मऊ करतात कारण मोकळा कोरडा भात मला अडकतो, हे मी एकदाच सांगितलं होतं. गणपतीत उकडीचे मोदक आले, उकडीत दूध-लोणी काही नाही, नुसतं पाणी आणि चमचाभर तेल, आणि वर तुपाऐवजी नारळाचं घट्ट दूध वेगळ्या डबीत. दोन वर्षांनी मोदक खाल्ला मी. ऑफिसात कोणाला काही बोललो नाही पण डोळे भरून आले होते.

आता खटकणाऱ्या गोष्टी. ज्वारीची भाकरी एक वाजेपर्यंत कडक होते आणि कडक भाकरी माझ्यासारख्याला धोक्याचीच, ती आमटीत पूर्ण कुस्करून, भिजवून, मग खावी लागते. तांदळाच्या उकडीची भाकरी मऊ राहते, तर तीच आठवड्यातून चार दिवस द्या अशी काकूंना विनंती आहे, सध्या दोनच दिवस असते. दुसरं म्हणजे पावसाळ्यात डबा आणणाऱ्या दादांना उशीर होतो, जुलैमध्ये दोनदा पावणेदोन झाले. मला जेवायला चाळीस मिनिटं लागतात, घाई केली की घास अडकतो, त्यामुळे अडीचची मीटिंग असेल तर जेवण अर्धंच राहतं. रविवारी बंद असतं, ते ठीक आहे, रविवारी मी घरी करतो.

एका डब्याचे १४० रुपये, नेहमीचा डबा ११० ला आहे. वरचे तीस रुपये मला जास्त वाटत नाहीत. डिसेंबरमध्ये एंडोस्कोपी झाली, इओसिनोफिल ४ आले, औषध न घेता. घरी पण काटेकोर पाळतो त्यामुळे सगळं श्रेय डब्याला नाही, पण आठवड्यातली सहा जेवणं इथलीच आहेत. आणि माझं वाचून कोणी स्वतःच्या मनाने दूध-गहू बंद करू नका, डॉक्टर आणि डाएटिशियनला धरूनच करा, लहान मुलांच्या बाबतीत तर नक्कीच.

फोन करायचा तर दुपारी तीननंतर करा, सकाळी साडेअकरापर्यंत डबे भरायची गडबड असते. काय चालत नाही ते एकेक पदार्थाने सांगा, आजाराचं नाव सांगून उपयोग नाही. असे वेगळे डबे काकू दोनच घेतात, जास्त घेतले तर माझ्याकडून चूक होईल असं स्पष्ट सांगतात. एक माझा आणि दुसरा दुसरीतल्या एका मुलाचा, त्याला दूध आणि अंडं बंद आहे. त्याची पोळी काकू आमटीत बुडवता येतील असे छोटे छोटे तुकडे करूनच भरतात.