रॅक चांगला, पण भिंत कोणती? सायकल रॅकचा नऊ महिन्यांचा अनुभव

भिंतीवर सायकल आडवी टांगण्याचा, दोन घडीच्या हातांचा लोखंडी रॅक मी गेल्या गणपतीच्या आधी १,१५० रुपयांना घेतला. पाच महिन्यांनी तो सायकलसकट भिंतीतून निखळला. आज तोच रॅक त्याच भिंतीवर आहे आणि मी समाधानी आहे. या दोन गोष्टींच्या मध्ये जे कळले, ते रॅक घेण्यापूर्वी कोणी सांगितले असते तर फार बरे झाले असते, म्हणून इतके सविस्तर लिहीत आहे.

आमचे घर पुण्यात तिसऱ्या मजल्यावर, ४१० चौरस फुटांचे आहे. माझी हायब्रिड सायकल आधी दोन वर्षे पार्किंगमध्ये असे. चोरी झाली नाही, पण स्वतःची दुचाकी काढताना कोणी ना कोणी तिला ढकलत असे. एकदा तर मागच्या डिरेलरचा, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा, हँगर इतका वाकला की डिरेलर चाकाच्या तारांत अडकता अडकता राहिला. जिन्याच्या वळणावर ठेवायला सोसायटीने हरकत घेतली, आणि ती मला पटली, कारण आग लागली तर खाली उतरायला तेवढीच वाट आहे. उरली घरातली भिंत. हॉलमध्ये दिवाणाच्या वरची जागा तेवढी रिकामी होती.

पहिले चार महिने मी हा रॅक भेटेल त्याला सुचवला. सायकल मागच्या चाकावर उभी करून लिफ्टमधून आणायची, वरच्या दांड्याला धरून उचलायची आणि रॅकच्या रबर लावलेल्या हातांवर ठेवायची. घरात चालायला वाट मोकळी राहिली, साखळीवरचा गंज थांबला आणि धूळ पुसण्याचे रोजचे काम संपले.

जानेवारीत एका रात्री अडीचच्या सुमारास मोठा आवाज झाला. उठून पाहिले तर सायकल दिवाणावर आडवी पडली होती आणि रॅक तिच्या दांड्यातच अडकलेला होता. रात्र होती म्हणून निभावले. दुपारी त्याच दिवाणावर, त्याच टोकाला, सासरे पेपर वाचत बसतात. हे आठवले की अजूनही अंगावर काटा येतो.

सकाळी मी ते चारही स्क्रू हातात घेऊन पाहिले. एकही वाकलेला वा तुटलेला नव्हता. प्रत्येक स्क्रू त्याच्या प्लास्टिकच्या प्लगसह, ज्याला हार्डवेअरच्या दुकानात गिट्टी म्हणतात, जसाच्या तसा बाहेर आला होता आणि गिट्टीच्या दातांत पांढुरकी भुकटी भरली होती. भोकात बोट घातले तर आतली भिंत नखाने खरवडली जात होती. म्हणजे रॅक शाबूत, स्क्रू शाबूत, गिट्टीही शाबूत; सुटली होती ती भिंत.

विक्रेत्याला फोन केला, फोटो पाठवले. उत्तर आले, "मॅडम, रॅक ३० किलोसाठी टेस्ट केलेला आहे, भिंतीची जबाबदारी आमची नाही." माझी सायकल साडेतेरा किलोची आहे. मी विचारले, हे ३० किलो कोणत्या भिंतीवर तपासले? तीन फोन आणि दोन ई-मेल झाले, तरी या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही. अखेर त्यांनी स्क्रूचे एक नवे पाकीट पाठवले आणि त्यात त्याच लांबीच्या, त्याच गिट्ट्या निघाल्या. खोक्यावर वजनाचा आकडा ठळक छापायचा आणि तो आकडा कोणत्या भिंतीला लागू आहे हे कुठेच लिहायचे नाही, याला मी फसवणूकच म्हणते.

उलगडा आमच्या सुतारांनी केला. त्यांनी भिंतीवर बोटाने टकटक केली आणि म्हणाले, "ताई, ही विटेची भिंत नाही, हलक्या ब्लॉकची आहे. इथं ही गिट्टी धरणारच नाही." गेल्या काही वर्षांतल्या अनेक नव्या इमारतींत आतल्या भिंती अशा एएसी, म्हणजे सच्छिद्र हलक्या काँक्रीटच्या, ब्लॉकच्या असतात. या ब्लॉकमध्ये हवेची असंख्य बारीक छिद्रे असतात, म्हणून तो भाजक्या विटेच्या साधारण एक तृतीयांश वजनाचा आणि ठिसूळ असतो. फुगून धरणारी साधी गिट्टी त्यात फुगते, पण तिच्याभोवतीचा ब्लॉकच चुरतो. त्यातही ५० मिलिमीटरच्या स्क्रूपैकी १२ ते १५ मिलिमीटर गिलाव्यातच गेले होते. शिवाय आधीच्या कारागिराने भोके ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके देत भोक पाडण्याची सोय, चालू ठेवून पाडली होती, त्यामुळे ती मुळातच सैल झाली होती.

दुसरे कारण मी कागदावर हिशेब केला तेव्हा लक्षात आले. हँडल भिंतीला घासू नये म्हणून आडव्या रॅकवर सायकल भिंतीपासून सुमारे ३० सेंटिमीटर दूर राहते. रॅकच्या पट्टीवरचे वरचे आणि खालचे स्क्रू एकमेकांपासून १० सेंटिमीटरवर आहेत. साडेतेरा किलो गुणिले ३०, भागिले १०, म्हणजे वरच्या दोन स्क्रूंना भिंतीतून बाहेर ओढणारा जोर सुमारे ४० किलोंचा झाला. त्यावर रोज सायकल ठेवताना बसणारा हिसका वेगळाच.

सुतारांनी दोन मार्ग सांगितले. एक, रॅक काँक्रीटच्या कॉलमवर लावायचा. पण आमचा कॉलम कोपऱ्यात आहे आणि पावणेदोन मीटर लांबीची सायकल तिथे आडवी मावत नाही. दुसरा, बोल्ट भिंतीच्या आरपार घ्यायचे. ही भिंत चार इंचांची आहे आणि पलीकडे बेडरूमचे कपाट आहे. हॅमर बंद ठेवून चार भोके आरपार पाडली, ८ मिलिमीटरचे बोल्ट घातले आणि कपाटाच्या आतल्या बाजूने लोखंडाची रुंद पट्टी लावून त्यावर वायसर आणि नट बसवले. नट जिवाच्या आकांताने आवळायचे नाहीत, नाहीतर मधला ब्लॉकच दबतो, हेही त्यांनी बजावले. सामान आणि मजुरी मिळून ६५० रुपये झाले. म्हणजे रॅक मला १,८०० रुपयांना पडला, आणि हे वरचे ६५० मला आजही खटकतात.

आता रॅकबद्दल. मधल्या काळात मी त्याला एक तारा देणार होते, ते मत मी बदलले आहे. वेल्डिंग भक्कम आहे, रबराने दांड्याचा रंग खरवडलेला नाही. वरचा दांडा खाली झुकलेल्या सायकली मात्र यावर नीट बसत नाहीत. पावसाळ्यात चाके पुसूनच टांगावी लागते, तरी टायरचा काळा डाग भिंतीवर पडलाच. भाड्याच्या घरात, जिथे भोके पाडता येत नाहीत, तिथे भिंतीला टेकून उभे राहणारे स्टँड बरे. पुढच्या चाकाने उभी टांगायचा हुक स्वस्त असतो आणि त्यात वजन भिंतीच्या जवळ राहते. अशा उभ्या टांगलेल्या सायकलीला हायड्रॉलिक ब्रेक असतील तर खाली काढल्यावर लिव्हर दोनचार वेळा दाबून घट्ट लागतो ना ते पाहावे आणि मगच निघावे.

ज्यांना भिंतीचा प्रकार माहीत नाही, त्यांनी कोपऱ्यात एक बारीक भोक पाडून खाली पडणारी भुकटी पाहावी. लाल निघाली तर वीट समजावी. ड्रिल लोण्यात जावे तसे गेले आणि भुकटी पांढुरकी, मऊ निघाली तर खोक्यातल्या गिट्ट्या वापरू नयेत.

बोल्ट बसवले त्या दिवशी मी रॅकच्या पट्टीच्या कडेने भिंतीवर पेन्सिलीने रेघ ओढून ठेवली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सायकल उतरवून ती पाहते. चार महिने झाले, पट्टी रेघेवरून हललेली नाही. सासऱ्यांचा दिवाण मात्र मी समोरच्या भिंतीला हलवला आहे.