‘शो क्वालिटी’ स्टेनलेस संच: डोक्यावर खूण नसलेले बोल्ट

जुना ट्रक सुटा करून पुन्हा उभा करणाऱ्यांना हल्ली एक माल फार गोड बोलून विकला जातो: ‘संपूर्ण ट्रकचा स्टेनलेस संच’. केबिनच्या बिजागरीपासून कमानीच्या (पानांच्या स्प्रिंगच्या) यू-बोल्टपर्यंत लागणारे सगळे नट, बोल्ट, वॉशर मापाप्रमाणे वेगवेगळ्या पाकिटांत, लखलखीत पॉलिश केलेले, सोबत ‘३०४ ग्रेड’ (चांगल्या स्टेनलेसचा एक प्रकार) असं छापलेलं प्रमाणपत्र. असा संच मी घेतला आणि त्यात सरळसरळ फसवला गेलो. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही. ते कळून तुमचा फायदा नाही. हाच माल दुसऱ्या नावाच्या पाकिटात येईल, तेव्हा तो ओळखता आला पाहिजे.

स्टेनलेस घेण्यामागचं कारण साधं होतं. पन्नासच्या दशकातला ब्रिटिश बनावटीचा ट्रक, आणि त्याचे निम्मे बोल्ट ग्राइंडरने कापूनच काढावे लागले होते. मडगार्ड, पायरी, हौद्याच्या लाकडी फळ्या, दिव्यांचे ब्रॅकेट या जागांवर सतत पाणी आणि चिखल उडतो, तिथे चांगल्या स्टेनलेसला तोड नाही. शिवाय आटे इंचाचे, त्यातही जुन्या ब्रिटिश पद्धतीचे जाड व्हिटवर्थ वेगळे आणि बारीक बीएसएफ वेगळे. प्रत्येक भोकाचं माप घेऊन एकेक बोल्ट शोधत बसायचं म्हणजे कुणालाही कंटाळा येतो. संच विकणाऱ्यांचा धंदा त्या कंटाळ्यावरच चालतो.

पाकिटं उघडल्यावर पहिली गोष्ट खटकली ती बोल्टच्या डोक्यांवर काहीच लिहिलेलं नव्हतं ही. आयएसओ ३५०६ या मानकाप्रमाणे पाच मिलिमीटर आणि त्यावरच्या षटकोनी डोक्याच्या स्टेनलेस बोल्टवर बनवणाऱ्याची खूण आणि ‘ए२-७०’सारखा ग्रेड असावा लागतो (ए२ म्हणजे ३०४ च्या जातीचं स्टील). अमेरिकी मानकाच्या इंची बोल्टवर ‘एफ५९३’ आणि त्यापुढे एक अक्षर असतं. इथे डोकी गुळगुळीत. विचारलं तर उत्तर तयार होतं: ‘अहो, हा शो क्वालिटी माल आहे. पॉलिश करताना खूण जाते.’ उत्तर पटण्यासारखं आहे, कारण पॉलिशमध्ये खूण खरंच जाते. पण खूण गेली की तो बोल्ट कुठल्या स्टीलचा, किती ताकदीचा, हे सांगणारी एकमेव गोष्ट गेली. बोल्टचं पॉलिश हे माझ्या मते या सगळ्या प्रकारातलं सगळ्यात हुशारीचं काम आहे. पुरावा पुसायचा आणि पुसल्याचे जास्त पैसे घ्यायचे.

प्रमाणपत्र नीट वाचलं तेव्हा पुढचा खुलासा झाला. त्यात ताण सोसण्याची क्षमता ५१५ मेगापास्कल आणि यील्ड (ज्या ताणाला बोल्ट कायमचा लांबू लागतो तो) २०५ मेगापास्कल अशी किमान मर्यादा दिली होती. हे आकडे ३०४ च्या नरम केलेल्या सळईचे आहेत. ए२-७० बोल्टला किमान ७०० आणि ४५० लागतात. नावातला ७० हा त्या ७०० वरूनच आला आहे. म्हणजे प्रमाणपत्र खरं असेलही, पण ते कुठल्यातरी सळईचं होतं, माझ्या पाकिटातल्या बोल्टचं नव्हतं. शिवाय पाव इंचाचा बोल्ट, अर्ध्या इंचाचा नट आणि पत्र्यातून कापलेला वॉशर, सगळ्यांना एकच हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या एकाच ओतणीचा क्रमांक! पत्रा आणि सळई असे एका हीटमध्ये उतरत नाहीत. ईएन १०२०४ मानकाच्या ३.१ प्रकारच्या प्रमाणपत्रात प्रत्यक्ष पुरवलेल्या मालाच्या चाचणीचे आकडे असतात. ते मागितलं की हा विक्रेता ‘पाठवतो’ म्हणायचा आणि मग फोन उचलायचा नाही.

‘चुंबक लावून बघा, चिकटणार नाही’ असं मात्र तो स्वतःहून सांगत होता. चिकटलं नाही, हे खरं. आता यातली गोम समजून घ्या, कारण बहुतेक जण इथेच समाधानी होतात. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. निकेल महाग, म्हणून २०० मालिकेच्या स्टेनलेसमध्ये त्यातलं बरंचसं काढून मँगेनीज घालतात. तेही चुंबकाला दाद देत नाही. उलट अस्सल ३०४ चा बोल्ट गार असतानाच ठोकून डोकं काढलेला आणि आटे दाबून उठवलेला असतो. त्या ताणाने त्याच्या रचनेत थोडा बदल होतो आणि तो चुंबकाला किंचित ओढला जातो. म्हणजे फक्त चुंबकावर विश्वास ठेवणारा माणूस खरा माल परत करेल आणि खोटा ठेवून घेईल.

बोल्ट पावसात उघडे राहिले तेव्हा आट्यांच्या मुळाशी तपकिरी डाग दिसू लागले. मँगेनीज ओळखणाऱ्या द्रावणाचा थेंब टाकला, तो लगेच लाल झाला, म्हणजे मँगेनीज जास्त. मग काही नग प्रयोगशाळेत स्पेक्ट्रोमीटरवर तपासून घेतले. निकेल एक टक्क्याच्या आसपास, मँगेनीज नऊच्या वर. ३०४ शी याचा संबंध फक्त पाकिटावरच्या छपाईपुरता. (तुम्ही तपासणी केलीत आणि अहवालात तीन-चार टक्के तांबं दिसलं तर घाबरू नका. गार ठोकायला सोपं जावं म्हणून बोल्टच्या चांगल्या स्टेनलेसमध्ये तांबं घालतात. बघायचं ते निकेल आणि मँगेनीज.)

आट्यांची गंमत वेगळीच. संचावर ‘व्हिटवर्थ’ लिहिलं होतं. पाव, पाच-सोळांश आणि तीन-अष्टमांश इंचाचे बोल्ट मूळ नटांत गेले, थोडे कुरकुरत. अर्ध्या इंचाचा मात्र थोडे आटे जाऊन अडला. पिच गेज (आटे मोजायची दातेरी पट्टी) लावला तर इंचाला १३ आटे. व्हिटवर्थचे असतात १२. हे अमेरिकी यूएनसी बोल्ट होते! लहान मापांत दोन्ही पद्धतींचे आटे इंचाला सारखेच, २०, १८, १६. म्हणून चोरी लपते. पण व्हिटवर्थच्या आट्याचा कोन ५५ अंश आणि यूएनसीचा ६०. बोल्ट आत जातो, घट्ट झाल्यासारखाही वाटतो, आणि आट्यांच्या बाजू एकमेकींवर पूर्ण टेकलेल्या नसतात. १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी मिळून युनिफाइड आटे ठरवले (यूएनसी त्यातलेच), पण कारखाने त्यावर हळूहळू गेले. त्यामुळे त्या काळातल्या ट्रकवर दोन्ही पद्धती शेजारीशेजारी सापडू शकतात. अर्ध्या इंचाचा बोल्ट ही सगळ्यात सोपी परीक्षा आहे, ती आधी करा.

इथपर्यंतचं सगळं पैशाचं नुकसान म्हणून सोडून दिलं असतं. सोडवत नाही ते पुढचं.

या संचात कमानीचे यू-बोल्ट, शॅकलचे बोल्ट, कमानीचा सेंटर बोल्ट आणि स्टिअरिंग आर्मचे बोल्टही होते. जाहिरातीत ‘मूळ बोल्टपेक्षा मजबूत’ असं लिहिलेलं. ८.८ ग्रेडच्या साध्या हायटेन्साइल (जास्त ताण सोसणाऱ्या) बोल्टची यील्ड ६४० मेगापास्कल, १०.९ ची ९४०. अस्सल ए२-७० ची ४५०. म्हणजे खरं स्टेनलेस दिलं असतं तरी ते या जागांवर कमीच पडलं असतं. नरम सळईपासून केलेलं असेल तर ८.८ च्या तिसऱ्या हिश्श्यावर. यू-बोल्ट कमानीला अ‍ॅक्सलवर आवळून धरतो, आणि सगळं काम त्या आवळण्याने होतं. ते सैल पडलं की अ‍ॅक्सलला जागेवर ठेवण्याचा भार सेंटर बोल्टवर येतो. त्याचं काम फक्त जागा दाखवण्याचं. तो तुटला की अ‍ॅक्सल सरकतो, आणि भरल्या ट्रकचा अ‍ॅक्सल सरकणं म्हणजे काय हे सांगायला नको.

बोल्ट कमकुवत आहेत हे आम्हाला ट्रक स्टँडवर असतानाच कळलं, टॉर्क रेंचमुळे (ठरलेला जोर लागला की टिचका देणारा पाना). मिस्त्री यू-बोल्टचा नट आवळत होता, नट फिरत होता, पण रेंचचा टिचका येईना. फिरतोय, फिरतोय, जोर वाढत नाही. ‘थांब, हा लांबतोय,’ म्हणून त्याने हात काढला. नट सोडवून पिच गेज लावला तर आटे गेजच्या दातांत बसेनात. नटाखालचा बोल्ट ताणून लांब झाला होता. सोबत दिलेला टॉर्कचा तक्ता मग नीट बघितला. तो ८.८ च्या कोरड्या बोल्टसाठीच्या तक्त्याशी आकडान्‌आकडा जुळत होता. कुठूनतरी उचलून छापलेला. इम्पॅक्ट गनने ठोकून आवळणाऱ्याला हे कधीच कळलं नसतं. बोल्ट ताणून गेला असता आणि वर चकाकत राहिला असता.

बाकी नायलॉक नटांचं, म्हणजे सैल होऊ नये म्हणून आत नायलॉनची कडी असलेल्या नटांचं. संचात स्टेनलेस बोल्टवर स्टेनलेस नायलॉक दिले होते. आवळताना त्यातले बरेचसे मध्येच जाम झाले, ना पुढे ना मागे. विक्रेता म्हणाला, ‘तुम्ही ग्रीस लावलं नसेल.’ स्टेनलेसवर जो ऑक्साइडचा पातळ थर असतो तो दाबाखाली खरवडला जातो आणि उघडे झालेले आटे एकमेकांना चिकटतात. नायलॉनच्या घर्षणाने ते आणखी लवकर होतं. हा त्या धातूचा स्वभाव आहे, त्यासाठी फसवणूक लागत नाही. निकेलयुक्त अँटिसीझ (आटे चिकटू न देणारी पेस्ट) लावून, हाताने, सावकाश आवळायचं, आणि वंगण लावलं की टॉर्कही कमी धरायचा. पण हे पाकिटावर लिहायचं नाही, अँटिसीझ द्यायचं नाही, कोरडा टॉर्क छापायचा आणि मग दोष गिऱ्हाइकावर ढकलायचा, याला मी काय म्हणू?

खोटे बोल्ट ही नवी गोष्ट नाही. अमेरिकेत ऐंशीच्या दशकात ग्रेड ८.२ चे बोल्ट डोक्यावर ग्रेड ८ ची खूण उठवून विकले जात होते (हे अमेरिकी पद्धतीचे ग्रेड, वरच्या ८.८ शी संबंध नाही). ते गार असताना ताकदीत पुरत, पण जास्त तापमानाला खऱ्या ग्रेड ८ पेक्षा लवकर नरम पडत. प्रकरण तिथल्या संसदेपर्यंत गेलं आणि १९९० मध्ये बोल्टच्या दर्जाबद्दल वेगळा कायदा झाला. तेव्हाचे ठग निदान खोटी खूण उठवायची मेहनत घेत. आता गुळगुळीत डोक्यावरच भागतं.

प्रयोगशाळेचा अहवाल पाठवल्यावर आधी ‘सगळे हेच लावतात, कुणाची तक्रार नाही’ असं उत्तर आलं. मग ‘उघडलेली पाकिटं परत घेत नाही’. शेवटी न उघडलेल्या पाकिटांचे पैसे देतो, पण लेखी लिहून द्या की तक्रार मिटली, असा प्रस्ताव आला. मी लिहून दिलं नाही. पैसे आले नाहीत. यू-बोल्ट अजूनही त्याच्या संचात आहेत.

स्टेनलेस वाईट आहे असं कुणी समजू नये. खूण असलेले ए२ किंवा ए४ बोल्ट मडगार्ड, बॉनेट, फळ्या, नंबरप्लेट इथे मी आजही लावतो. फक्त अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला लावताना मध्ये नायलॉनचा वॉशर आणि विलग करणारी पेस्ट हवी, नाहीतर ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन खाल्लं जातं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर लावू नका: स्टेनलेस तापल्यावर साध्या स्टीलपेक्षा जवळजवळ दीडपट प्रसरण पावतं, आवळ सुटते. कमानी, स्टिअरिंग, ब्रेक, प्रोपेलर शाफ्ट, इंजिन माउंटिंग इथे खूण असलेले हायटेन्साइल, झिंक फ्लेक थराचे (जस्ताच्या बारीक पापुद्र्यांचा गंजरोधक लेप असलेले). आणि चमक हवी म्हणून १०.९ चे बोल्ट क्रोम करून घेऊ नका. मुलामा देताना हायड्रोजन आत शिरतो आणि बोल्ट काही दिवसांनी आपोआप तडकू शकतो.

असा संच आधीच बसवला असेल तर ट्रक रस्त्यावर काढण्याआधी स्टिअरिंग आर्म बघा, मग यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट, मग ब्रेक. डोक्यावर खूण नसेल तर तपासत बसू नका, काढा. जाम झालेल्या नायलॉकशी झगडू नका, कापून टाका, तो पुन्हा वापरायचा नसतोच. नवे हायटेन्साइल यू-बोल्ट लावल्यावर ट्रक थोडं अंतर चालवा आणि चाकांवर उभा असताना सगळ्या नटांचा टॉर्क पुन्हा बघा. कमानीची पानं बसली की आवळ थोडी उतरते.