पाचव्या हंगामाच्या नावाखाली ८,२८,६५० रुपये

ज्यांची मुलं टेनिस, स्क्वॉश, पोहणं किंवा ॲथलेटिक्सच्या स्कॉलरशिपवर अमेरिकेत शिकताहेत त्यांनी हे वाचा. "मुलीला खेळायला आणखी एक वर्ष मिळवून देतो, वर एनआयएलचे, म्हणजे स्वतःचं नाव-चेहरा जाहिरातीला देण्याचे, पैसेही सुरू करून देतो" असं कोणी सांगत असेल तर त्याला एक रुपया देऊ नका. माझे ८,२८,६५० रुपये गेले. मुलीचं त्याहून मोठं नुकसान झालं, ते पुढे सांगते.

माझी मुलगी २०२१ साली पुण्याहून थेट डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या गटातल्या, एका कॉलेजात टेनिस खेळायला गेली. तेव्हाचा नियम पालकांना माहीत होता : पाच वर्षांत चार हंगाम. तिसऱ्या हंगामात तिचं मनगट गेलं. पण तोवर निम्म्याहून जास्त सामने खेळून झाले होते, त्यामुळे दुखापतीची सवलत बसत नाही असं कोचने स्वच्छ सांगितलं होतं. तरी पोरीच्या मनातून ते जात नव्हतं आणि माझ्याही. मला फसवणाऱ्या एजंटने नेमकं तेच हेरलं.

तो अस्खलित मराठी बोलायचा. "काकू, मी स्वतः तिकडे कॉलेजात खेळलोय, मला आतली सिस्टिम माहितीये." बालेवाडीच्या स्पर्धांमध्ये भेटणाऱ्या एका पालकांकडून त्याचा नंबर आला होता, म्हणून परका वाटला नाही. आणि तो जे सांगत होता त्यातलं अर्धं खरं होतं, हे मला ठासून सांगायचंय. लोक आता म्हणतात, "एवढी शिकलेली बाई, कळलं कसं नाही?" मी इतकी वर्षं अकाउंट्समध्ये काढली आहेत, कागद वाचल्याशिवाय सही करत नाही. त्याने सांगितलेली प्रत्येक बातमी मी स्वतः शोधून वाचली आणि ती खरी निघाली.

डिसेंबर २०२४ मध्ये नॅशव्हिलच्या फेडरल कोर्टाने वँडरबिल्ट विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल खेळाडू दिएगो पाविया याला आणखी एक वर्ष खेळू द्या असा आदेश दिला, हे खरं. पण ते कशावर? तो आधी ज्युनियर कॉलेजात (आपलं अकरावी-बारावीचं नव्हे, तिकडचं दोन वर्षांचं कॉलेज) खेळला होता, आणि ती वर्षं मोजू नयेत एवढाच त्याचा मुद्दा होता. माझी मुलगी तसल्या कॉलेजात गेलीच नव्हती! हा भाग त्याने गाळला. वर "कोविडचं वर्षही जोडून घेऊ" म्हणाला. ते वर्ष २०२०-२१ चा हंगाम खेळलेल्यांना मिळालं. ती त्यानंतर गेली.

मार्च २०२५ मध्ये "फाइल तपासणी" म्हणून ७४,००० रुपये घेतले. एप्रिलमध्ये वेव्हरच्या, म्हणजे नियमातून सूट मागण्याच्या, अर्जाचे ३,६१,२०० रुपये. डॉलरमध्ये पाठवू का विचारलं तर म्हणाला, "कशाला काकू, परदेशी पैसे पाठवले की टीसीएस कराची कटकट होईल, आमच्या इथल्या खात्यात टाका." खातं एका ट्रेडिंग फर्मच्या नावावर होतं. खेळाडूंच्या सल्लागाराचं खातं ट्रेडिंग फर्मच्या नावावर का, हे विचारायला हवं होतं. विचारलंही. "पार्टनरची फर्म आहे" म्हणाला, आणि मी एफडी मोडली.

पण सावध व्हायची खरी वेळ ती नव्हती. खरी वेळ म्हणजे तो वेव्हरचा अर्ज. पीडीएफ आली, वर एनसीएएचा, म्हणजे तिकडे कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचा, निळा गोल शिक्का, कडा फुटलेल्या, फोटोचा फोटो काढल्यासारखा. खाली तारीख : २५/०४/२०२५. अमेरिकेत महिना आधी लिहितात. मुलीच्या चार वर्षांच्या फीच्या पावत्या माझ्याच फाइलमध्ये आहेत आणि प्रत्येकीवर महिना आधी आहे. ती तारीख पाहताना मला काहीतरी खटकलं, आणि मी ते गिळलं. त्याच कागदावर मुलीची सही, पालकांची सही, "प्रतिनिधी"ची सही होती. कॉलेजच्या सहीला जागाच नव्हती.

वेव्हर कॉलेज मागतं. खेळाडू नाही, आईबाप नाहीत, एजंट तर नाहीच. कॉलेजचं कंप्लायन्स ऑफिस, म्हणजे खेळाचे नियम पाळले जातात का ते बघणारं ऑफिस, अर्ज करतं, बाकी सगळं खोटं. मुलगी तेव्हाच म्हणाली होती, "आई, मी कंप्लायन्सला विचारते." त्याने तिला अडवलं : "आत्ता बोललीस तर ते फाइल बंद करतील, आधी मंजुरी येऊ दे." ज्या माणसाला कॉलेजपासून गोष्ट लपवायची असते तो चोर असतो, दुसरं काही नसतो.

६ जून २०२५ ला खेळाडूंनी एनसीएएवर भरलेल्या हाउस खटल्यातल्या तडजोडीला कोर्टाची अंतिम मंजुरी मिळाली आणि त्याला नवं कुरण मिळालं. १ जुलैपासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी कॉलेजमागे सुमारे २.०५ कोटी डॉलरपर्यंत. शिवाय जुन्या खेळाडूंसाठी सुमारे २८० कोटी डॉलर. आकडे खरेच. त्यातला मोठा वाटा अमेरिकन फुटबॉल आणि मुलांच्या बास्केटबॉलला जातो, हे त्याने कशाला सांगावं? जुन्या पैशांवर दावा करायला एक पैसा लागत नव्हता, आणि दाव्याची मुदत ३१ जानेवारी २०२५ ला संपलेली होती. ह्याने त्या "क्लेम"चे आणि एनआयएल कराराच्या नोंदणीचे मिळून २,२३,६०० रुपये जूनमध्ये घेतले. जुलैमध्ये "टॅक्स डिपॉझिट" म्हणून १,६९,८५०. त्यानंतर फोन बंद.

करारात दरमहा १,२०० डॉलर लिहिले होते, एका एनर्जी बारची जाहिरात करण्यासाठी. एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या मुलीने परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर असं काम केलं तर व्हिसाच धोक्यात. अमेरिकन मुलांना जे १ जुलै २०२१ पासून मोकळं आहे ते आपल्या मुलांना तसं मोकळं नाही. कुठल्याही करारावर सही करण्याआधी कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला दाखवा. तोंडी नको, ईमेलवर उत्तर घ्या.

आणि आता नुकसान. मे महिन्यात तिची पदवी झाली. पाचवा हंगाम खेळायचाय तर ओपीटीचा, म्हणजे पदवीनंतर तिकडे काम करण्याच्या परवानगीचा, अर्ज करू नकोस, मास्टर्सच्या प्रवेशाचंही आम्ही बघतो, असं त्याने सांगितलं. कोर्स संपल्यावर साठ दिवसांत अर्ज गेला नाही तर ती संधी जाते. ती गेली. पदवीनंतर वर्षभर तिकडे नोकरी करता आली असती, डेटा ॲनालिटिक्समध्ये तोंडी होकार देणारी कंपनीही होती. ती आज पुण्यात घरी आहे. या माणसाला फक्त पैसे चोरायचे होते, मग पोरीचं वर्ष कशाला खाल्लंस रे?

तक्रारीचं ऐका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न : "मॅडम, पैसे तुम्ही स्वतःच पाठवले ना? मग हा दिवाणी वाद आहे." मी म्हटलं, बनावट शिक्क्याचा कागद आहे, हा दिवाणी कसा? तर म्हणे शिक्का अमेरिकेचा, तिकडे तक्रार करा. तिकडच्या एका सरकारी संकेतस्थळावर केली. तक्रार मिळाल्याचा आपोआप येणारा ईमेल सोडला तर काही नाही. बँक म्हणते ओटीपी तुम्हीच टाकला, आमचा संबंध संपला. ट्रेडिंग फर्मचं खातं ज्या बँकेत, ती म्हणते पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात बँकेकडून आधी माहिती येऊ दे. एका साहेबांनी तर विचारलं, "टेनिस खेळायला एवढे पैसे देतात का कोणी?" मला मुलीसमोर हे ऐकावं लागलं. फसवणाऱ्याला कोणी प्रश्न विचारत नाही, सगळे प्रश्न फसलेल्या बाईला!

अमेरिकेत बऱ्याच राज्यांत खेळाडूंच्या एजंटला नोंदणी करावी लागते. टेक्सासमध्ये ती सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे होते. नोंदणी क्रमांक मागा आणि स्वतः तपासा. पैसे आधी मागितले की संपलं.

आमच्या तपास अधिकाऱ्यांची बदली झाली आहे. नव्यांनी पुन्हा जबाबाला बोलावलंय, सगळ्या पावत्यांच्या झेरॉक्स परत मागितल्यात. ट्रेडिंग फर्मच्या खात्यात "वेव्हर", "एलिजिबिलिटी" किंवा "एनआयएल"च्या नावाने तुम्हीही पैसे भरले असतील तर लाजून गप्प बसू नका, आपल्या गावच्या ठाण्यात तक्रार द्या आणि खाते क्रमांक ठळक लिहा. एकाच खात्यावर चार गावांतून तक्रारी आल्या तर ते दिवाणी आहे असं त्यांना म्हणता येणार नाही.