जिवाणूंनी तडे बुजवले, सांध्याचे बिल मात्र उगाच

रॉटरडॅममधील आमच्या इमारतीच्या वाहनतळात जिवाणूंच्या द्रावणाने गळके तडे बुजवून आता वर्ष होत आले. गेल्या आठवड्यात गाडीच्या बॉनेटवर पुन्हा चुन्याचे पांढरे ओघळ दिसले, म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

दोन द्रावणे एकामागून एक फवारली गेली: पहिल्यात सोडियम सिलिकेट व ग्लुकोनेट, दुसऱ्यात कॅल्शियम नायट्रेट आणि दोन्हींत जिवाणू. सिलिकेट व कॅल्शियम एकत्र येताच तयार होणारे जेल तडा तात्पुरता अडवते. खरी चुनखडी जिवाणू ग्लुकोनेटवर जगत नंतर सावकाश घडवतात. कंत्राटदाराने हे आधी सांगितले नव्हते. त्यामुळे फवारणीनंतरही थेंब पडत राहिले तेव्हा पैसे पाण्यात गेले, असेच माझे मत झाले आणि घरमालकांच्या बैठकीत मी ते बोलूनही दाखवले. मात्र ऑक्टोबरच्या पावसातही बहुतेक बारीक तडे कोरडे राहिले, तेव्हा ते मत बदलणे भाग पडले. जिवाणूंच्या दुसऱ्या, युरियावर आधारलेल्या पद्धतीत अमोनिया सुटतो. येथे तसा वास नव्हता, ही बंदिस्त तळघरात लहान सोय नव्हे.

तरीही खर्चाचा हिशेब मनातून जात नाही. डेल्फ्ट विद्यापीठातील संशोधक विक्टर व योंकर्स यांच्या २०११च्या प्रयोगात, शंभर दिवस पाण्यात ठेवल्यावर, जिवाणूयुक्त काँक्रीटचे ०.४६ मिलिमीटरपर्यंतचे तडे बुजले. साध्या काँक्रीटचेही ०.१८ मिलिमीटरपर्यंतचे बुजलेच. म्हणजे आमचे सर्वांत बारीक तडे कदाचित फुकटातही मिटले असते.

खरा राग आहे तो दोन स्लॅबांमधल्या प्रसरण सांध्याचा. थंडीत स्लॅब आकसला की सांधा उघडतो, उन्हाळ्यात मिटतो. चुनखडी ठिसूळ असल्याने ती तेथे टिकणे शक्यच नव्हते आणि फट बुजवणाऱ्या लवचीक सीलंटला पर्याय नव्हता. तरी सांध्यावर फवारणी करून रनिंग मीटरच्या पूर्ण दराने पैसे घेतले गेले. माझी जागा नेमकी त्याच सांध्याखाली आहे. तेथून ठिबकणारे पाणी अल्कधर्मी असते. ते वाळले की बॉनेटच्या रंगावर डाग धरतो आणि पॉलिशचा खर्च दुरुस्तीच्या माझ्या वाट्याशी स्पर्धा करू लागतो. शिवाय गाड्यांसोबत येणारे रस्त्यावरचे मीठ त्याच फटीतून सळ्यांपर्यंत पोहोचते, ही चिंता वेगळीच.

बिलातील सांध्याची रक्कम मी परत मागितली आहे. कंत्राटदाराने त्याऐवजी त्याच सांध्यावर निम्म्या दरात पुन्हा फवारणी करून देण्याची तयारी दाखवली.