पाच लिटरचा कुकर: शिट्ट्या कमी मोजा, घड्याळ जास्त बघा

स्वयंपाक कुठवर आलाय हे मराठी घरात विचारायचं असेल तर "कुकर लावलास का?" एवढंच विचारतात. लावला, झाला, पडला, उघडला या चार शब्दांत अर्ध्या स्वयंपाकाची खबर मिळते. एवढ्या सवयीची वस्तू विकत घेताना मात्र बहुतेक जण रंग, ऑफर आणि सोबत मिळणारं फुकट भांडं बघून मोकळे होतात. म्हणून हे परीक्षण एका मॉडेलचं नाही. गॅसवरच्या पाच लिटरच्या कुकरचं आहे, आतल्या झाकणाचा आणि बाहेरच्या झाकणाचा, ॲल्युमिनियमचा आणि स्टीलचा. चांगल्या कंपन्यांमध्ये आपापसात जेवढा फरक असतो त्याहून कितीतरी जास्त फरक या प्रकारांमध्ये असतो.

पातेल्यात तूरडाळ शिजायला पाऊण तास सहज लागतो. फेस काढा, ढवळा, पाणी वाढवा, हे सगळं शेजारी उभं राहून. भात वेळायचा तर तेही लक्ष ठेवूनच. कुकरनं वेळ वाचवला, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे माणूस ओट्यापासून सुटला. एकाच आचेवर वरण, भात आणि बटाटे असे तीन डबे वीस-पंचवीस मिनिटांत होतात आणि तेवढ्यात कणीक मळून होते. डबे रचून वाफेवर शिजवायची कल्पना आपल्याकडे प्रेशर कुकर घरोघरी पोचण्याआधीची आहे. कोलकात्याच्या इंदुमाधव मल्लिक यांचा इकमिक कुकर १९१० सालचा. खाली निखारे आणि वर डब्यांची चळत अशी त्याची रचना. त्यात वाफ होती, दाब नव्हता. दाबाचं श्रेय फ्रेंच शास्त्रज्ञ देनी पापँ याचं. १६७९ मध्ये लंडनला त्यानं हाडं मऊ करणारं बंद भांडं बनवलं आणि ते फुटू नये म्हणून त्यावर वजनाची झडप बसवली. आजची शिट्टी ही त्याच झडपेची नात.

या शिट्टीचं गणित एकदा समजलं की कुकरच्या निम्म्या तक्रारी आपोआप मिटतात. शिट्टी म्हणजे बारीक छिद्रावर ठेवलेलं वजन. समजा छिद्राचा व्यास ३ मिलिमीटर आणि वजन ७० ग्रॅम, तर आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो जास्त झाल्यावर ते वजन उचललं जातं. एवढ्या दाबाला पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंश सेल्सिअसला उकळतं. दर १० अंशांना शिजण्याचा वेग ढोबळमानानं दुप्पट धरला, तर पाऊण तासाची डाळ दहा-बारा मिनिटांवर येते. शिट्टी हरवली म्हणून शेजारणीच्या दुसऱ्या कंपनीच्या कुकरची शिट्टी लावणं किती चुकीचं, हे यातच आलं. छिद्र तेच राहिलं आणि वजन जड झालं तर दाब वाढतो. हलकं झालं तर डाळ कच्ची राहते आणि दोष डाळीला लागतो.

आता 'तीन शिट्ट्या'. पाककृतींमधलं हे सगळ्यात निरुपयोगी माप. शिट्टी होते म्हणजे वजन उचलून जादा वाफ बाहेर पडते, बाकी काही नाही. मोठ्या बर्नरवर फुल गॅस ठेवला तर तीन शिट्ट्या चार-पाच मिनिटांत होतील, बारीक आचेवर पंधरा मिनिटांतही होणार नाहीत. आत तापमान दोन्ही वेळा सारखंच. म्हणजे जास्त शिट्ट्या काढून पदार्थ जास्त गरम होत नाही, फक्त पाणी आणि गॅस हवेत जातो. पहिली शिट्टी होईपर्यंत मोठी आच, मग आच इतकी बारीक की शिट्टी नुसती फुसफुसत राहील, आणि तिथून मिनिटं मोजायची. अर्धा तास भिजवलेली तूरडाळ ८ ते १० मिनिटं, साधा भात ५ ते ६, अख्खे मध्यम बटाटे १०, रात्रभर भिजवलेले छोले किंवा राजमा २० ते २५. डब्यांत एकत्र लावलं तर सगळ्यात हट्टी पदार्थाची वेळ धरायची, म्हणजे बहुतेक वेळा डाळीची.

आणखी एक जुना नियम आजकाल कोणी पाळत नाही. झाकण लावल्याबरोबर शिट्टी ठेवायची नाही. आधी नळीतून वाफेची सरळ, जोरदार रेघ निघू द्यायची आणि मग शिट्टी बसवायची. याला कारणं दोन. आतली हवा निघून जाते, कारण हवा मिसळलेली वाफ त्याच दाबाला कमी तापमानाची असते. आणि नळी मोकळी आहे याची रोज खात्री होते. कुकरचे बहुतेक अपघात याच नळीपासून सुरू होतात. मसूरडाळीचं साल किंवा भाताचं शीत आत अडकून वाळतं आणि दिसत नाही. झाकण धुतल्यावर उजेडाकडे धरून नळीतून आरपार बघायला पाच सेकंद लागतात. पलीकडचा उजेड गोल दिसला पाहिजे. अर्धचंद्र दिसला तर सुई घाला.

झाकणाचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. झाकणाचा व्यास १८ सेंटिमीटर धरला, तर पूर्ण दाबाला त्याच्यावर आतून सुमारे अडीचशे किलोचा रेटा असतो. बाहेरच्या झाकणात हा रेटा कडेच्या खाचा सांभाळतात. आतल्या झाकणात, म्हणजे हॉकिन्सच्या जुन्या ओळखीच्या रचनेत, तोच रेटा झाकणाला तोंडाच्या कडेवर घट्ट दाबून धरतो. दाब असेपर्यंत ते झाकण उघडतच नाही, कितीही घाई असली तरी. सुरक्षिततेत आतलं झाकण निर्विवाद पुढे. पण त्याचं लंबगोल झाकण तिरकं करून आत सरकवावं लागतं, त्यामुळे कुकर काठोकाठ भरला की झाकणाला वरण लागतं. कुकरच्या आकारमानाच्या मानानं तोंड लहान, म्हणून डबेही लहान घ्यावे लागतात. घरातले जुने डबे त्यात जातीलच असं नाही. रोज तीन डबे लावणाऱ्यांनी बाहेरचं झाकण घ्यावं. त्यातही, नळी तुंबली तर झाकणाच्या कडेच्या फटीतून रिंग बाहेर ढकलली जाऊन दाब सुटतो, अशी सोय असलेलं. कुकरमध्येच फोडणी देऊन रस्सा, मटण, पुलाव करणाऱ्यांनी आतलं. आमचा कौल विचाराल तर एक पाच लिटरचा बाहेरच्या झाकणाचा आणि सोबत दोन किंवा तीन लिटरचा आतल्या झाकणाचा. चार-पाच माणसांच्या घरात ही जोडी एका साडेसहा लिटरी धुडापेक्षा रोज जास्त कामाला येते.

पाच लिटर हे अंगावर लिहिलेलं माप आहे, शिजवायचं नव्हे. भाजी-रस्सा असेल तर दोन तृतीयांश, म्हणजे सव्वातीन लिटरपर्यंत. थेट कुकरमध्ये डाळ, तांदूळ, कडधान्य असं फेसाळणारं काही असेल तर निम्मं, अडीच लिटर. फेस नळीत चढतो, शिट्टीतून पिवळं पाणी गॅसवर उडतं आणि ते तिथेच वाळून नळी अरुंद करतं. डाळीत अर्धा चमचा तेल घातलं की फेस बराच दबतो. आमसूल, चिंच, टोमॅटो मात्र डाळ शिजल्यावरच, कारण आंबट पाण्यात डाळ लवकर फुटत नाही. बोअरवेलच्या जड पाण्यातही तसंच होतं. "या कुकरमध्ये डाळच शिजत नाही" या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा पाण्यात किंवा वर्षभर पडून राहिलेल्या डाळीत असतं.

डबे लावताना तळाला जाळी आणि दीड ते दोन वाट्या पाणी, पण जाळीच्या फार वर नको. खालच्या डब्यात डाळ, वर भात, भाताच्या डब्यावर ताटली. ताटली विसरली की झाकणाला जमलेलं पाणी भातात टपकतं आणि वरचा थर चिकट होतो. डब्यातल्या भाताला तांदळाच्या दुप्पट पाणी. नवीन इंद्रायणीला थोडं कमी, जुन्या आंबेमोहोराला थोडं जास्त. ॲल्युमिनियमचा कुकर असेल तर तळाच्या पाण्यात लिंबाचं साल किंवा चिंचेचं बुटूक टाका. नुसतं पाणी उकळून ॲल्युमिनियम काळं पडतं, आंबट पाण्यात पडत नाही. आधीच काळा पडलेला कुकरही चिंचेच्या पाण्यानं बराच निवळतो.

धातूचं थोडक्यात. साधं जाड ॲल्युमिनियम लवकर आणि सगळीकडे सारखं तापतं आणि किमतीत परवडतं. डबे लावण्यासाठी दुसऱ्या कशाची गरज नाही. स्टील चिंचगुळाच्या आमटीला, टोमॅटोच्या रश्श्याला चांगलं, पण स्टील उष्णता नीट पसरवत नाही. म्हणून तळाला ॲल्युमिनियमचा जाड थर दाबून बसवलेला असेल तरच घ्या. पातळ बुडाच्या स्टील कुकरमध्ये बर्नरच्या आकाराचं काळं कडं रोज घासावं लागतं. इंडक्शनची शेगडी असेल तर दुकानात तळाला चुंबक लावून बघा, चिकटला तरच तो कुकर इंडक्शनवर चालतो. हार्ड ॲनोडाइज्ड दिसायला देखणा, पण खायच्या सोड्यानं किंवा तारेच्या घासणीनं त्याचा लेप खराब होतो.

बिघाडाच्या बहुतेक गोष्टी तीन सुट्या भागांत असतात. पहिला म्हणजे रिंग. झाकणाच्या कडेनं वाफ सुटते, शिट्टी होत नाही, तळाचं पाणी आटतं, डाळ करपते. रिंग सैल झालीय एवढाच त्याचा अर्थ. घाईच्या वेळी ती दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवली की तात्पुरती आवळते, पण तो दोन दिवसांचा इलाज. रोजच्या वापरात वर्षातून एकदा नवी रिंग टाकावी, आणि वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या तर त्याआधीच. दुसरा सेफ्टी व्हॉल्व्ह. यात लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूची गोळी असते. पाणी आटून कुकर कोरडा तापला की ती वितळून वाट मोकळी करते. व्हॉल्व्ह उडाला म्हणजे कुकर बिघडला असं नव्हे, त्यानं आपलं काम केलं. पण दारावर येणाऱ्या कारागिराकडून त्यावर डाग द्यायचा नाही, एम-सील तर नाहीच. त्याच कंपनीचा नवा व्हॉल्व्ह बसवायचा, आणि आधी पाणी का आटलं ते शोधायचं. कुकरमध्ये वाळू किंवा मीठ घालून केक करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं, कारण कोरड्या तापण्यात तळ आणि व्हॉल्व्ह दोन्ही भरडतात. तिसरा भाग दांडे. स्क्रू ढिले झाले की झाकणाचा आणि कुकरचा दांडा एका रेषेत येत नाहीत आणि खाचा पूर्ण बसल्यात की नाही ते कळत नाही. महिन्यातून एकदा स्क्रू-ड्रायव्हर फिरवा.

उघडताना वाफ आपोआप जिरू द्यायची, साधारण दहा मिनिटं. डाळ-भाताचं शेवटचं शिजणं त्यातच होतं. चिमट्यानं शिट्टी उचलून वाफ काढली की आतलं पाणी एकदम उसळतं. डाळ नळीतून बाहेर येते आणि बटाट्यांची सालं फाटतात.

उंचीवर वेळ वाढवावा लागतो. महाबळेश्वरला पाणी साधारण ९५ अंशांना उकळतं, लेहला ८८ च्या आसपास. शिट्टी बाहेरच्या हवेपेक्षा १ किलो जादा दाब धरते, त्यामुळे लेहलाही कुकरच्या आत ११४ अंशांच्या जवळपास मिळतात. तिथे कुकर ही चैन नाही, त्याशिवाय राजमा शिजत नाही.

अमेरिका-कॅनडातल्या मराठी घरांत आता विजेचा इन्स्टंट पॉट असतो. २०१० मध्ये कॅनडात निघालेलं हे यंत्र शिट्टी देत नाही, वेळ आणि दाब स्वतः सांभाळतं, बटण दाबून बाहेर गेलं तरी चालतं. पण त्याचा दाब गॅसवरच्या कुकरपेक्षा कमी, म्हणून आईनं फोनवर सांगितलेल्या मिनिटांत चौथाई तरी भर घालावी लागते, शिवाय दाब धरायला लागणारी दहा-पंधरा मिनिटं वेगळी. तिकडचं १२० व्होल्टचं यंत्र भारतात भेट म्हणून आणू नये. इथल्या २३० व्होल्टवर ते जळतं.

खरेदीच्या दिवशी आधी तळावर आयएसआयची खूण बघा. मानक क्रमांक २३४७ आणि खाली परवाना क्रमांक. २०२१ पासून ही खूण नसलेला घरगुती कुकर विकता येत नाही, तरी ऑनलाइन असे कुकर मिळालेले आहेत आणि ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं त्यावर कारवाईही केली आहे. मग दुकानातच झाकण पाच वेळा लावून-काढून बघा. बाहेरच्या झाकणाला जोर लावावा लागला तर दुसरा नग मागा. घरचे डबे पिशवीत घालून न्या आणि आत ठेवून, वर ताटली ठेवून झाकण लागतंय का बघा. आणि त्याच बिलावर एक जादा रिंग आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह घ्या. चार वर्षांनी मॉडेल बदललेलं असतं आणि नेमक्या मापाची रिंग शोधत तुळशीबागेत तीन दुकानं हिंडावी लागतात.