जुने पुस्तक पुन्हा काढायचे: पानांचे फोटो, ओसीआर की नव्याने टायपिंग?

खिळ्यांवर छापलेल्या, १९३०-४० च्या सुमाराच्या पुस्तकाची एकच प्रत हाती असेल, तर पुनर्मुद्रणाच्या वाटा तीन. पानांच्या प्रतिमा तशाच छापायच्या, ओसीआरने (प्रतिमेतली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करणाऱ्या सॉफ्टवेअरने) मजकूर काढून तपासायचा, किंवा डीटीपीवाल्याकडून (संगणकावर अक्षरजुळणी करणाऱ्याकडून) सगळे पुन्हा टाइप करून घ्यायचे. स्कॅन तिन्हींना लागतो, पण सारखा नव्हे. म्हणून आधी वाट ठरवावी, मग स्कॅनर. (हक्काचे आधी पाहा: १९६४ साली वारलेल्या लेखकाचे लेखन भारतात १ जानेवारी २०२५ पासून कॉपीराइटमधून मुक्त झाले. प्रस्तावना, चित्रे, अनुवाद यांचा हिशेब मात्र वेगळा.)

प्रतिमा छापायच्या असतील तर ६०० डीपीआयला (इंचामागे ६०० ठिपके) पर्याय नाही. मोबाइलचा १२ मेगापिक्सेल कॅमेरा डेमी आकाराच्या (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच) एका पानाला फार तर ४७० डीपीआय देतो. दोन पाने एकदम घेतली की ३६० वर येतो. फ्लॅटबेडवर (सपाट काचेच्या स्कॅनरवर) डेमीचे पान करड्या छटांत ६०० ला घेतले की साधारण १७ एमबी, म्हणजे २०० पानांना साडेतीन जीबी. यूएसबीवर चालणारा पातळ सीआयएस (काचेलगतच्या सेन्सर-पट्टीचा) स्कॅनर इथे घेऊ नये. काचेपासून दोन-तीन मिलिमीटर उचललेला मजकूरही त्यात धूसर होतो, आणि शिवणीजवळ तो उचललेला असतोच. जाड सीसीडी (आरसे-भिंगांचा) स्कॅनर हे सांभाळतो. मागच्या पानाची शाई दिसत असेल तर पानाखाली काळा कागद घालावा. पांढरा घातला तर ती आणखी उठते. या वाटेत चुका शिरत नाहीत, पण मजकूर शोधता येत नाही, अक्षर मोठे करता येत नाही, ई-बुकही होत नाही. तक्ते, नकाशे, संशोधनाची साधने यांना हीच वाट बरी.

ओसीआरला ३०० ते ४०० डीपीआय पुरते. टेसरॅक्ट हा मोफत ओसीआर प्रोग्रॅम मराठीसह चालवा किंवा गूगल ड्राइव्हमधून काढा, चुका त्याच: घ-ध, भ-म, ष-प, आणि ‘दुसऱ्या’तला ऱ्य. या दिसतात तरी. घात करतो तो अनुस्वार. पाने साफ करताना ‘डाग काढा’ हा पर्याय जोरात लावला की टिंबेही डाग समजून पुसली जातात. मग ‘त्यांचा’चे ‘त्याचा’ होते, आदरार्थी माणूस एकेरीवर येतो, आणि दोन्ही शब्द बरोबर असल्याने स्पेलचेकर गप्प बसतो. १९६२ च्या नियमांआधीची ‘नांव’, ‘कांहीं’, ‘घरांत’ ही रूपे तर अर्धी उरतात, अर्धी गळतात. जुने लेखन ठेवायचे की नवे करायचे, हे प्रुफे वाचायच्या आधी लिहून ठरवा. डाग काढणे बंदच ठेवा किंवा अगदी सौम्य.

अक्षरांची अचूकता ९८ टक्के म्हटली तरी १५०० अक्षरांच्या पानावर ३० चुका उरतात.

टायपिंगमध्ये अक्षरे कमी चुकतात, ओळी जास्त गळतात. दोन जवळच्या ओळी एकाच शब्दाने सुरू झाल्या की नजर खालच्या ओळीवर उतरते, मधला मजकूर जातो आणि वाक्य तरीही वाचता येते. एकाने मूळ मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने प्रूफ पाहायचे, हाच उपाय. शिवाय सांगितले नाही तर डीटीपीवाला जुन्या, युनिकोड (सगळीकडे सारखी वाचली जाणारी अक्षरसंकेत पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करून देतो; छपाई होते, ई-बुकात मात्र अगम्य चिन्हे उमटतात. युनिकोड हवे, हे दर ठरवतानाच बोलून घ्या.

फीडर (सुटी पाने आपोआप ओढून घेणाऱ्या) स्कॅनरसाठी पुठ्ठा काढून पाठ कापणे सर्वांत वेगवान, पण दुसरी प्रत असेल तरच. घडीवर तुटणारा कागद फीडरमध्ये अडकून फाटतो. एकच प्रत असेल तर बाइंडरकडून शिवण उसवून फर्मे (घडी घालून एकत्र शिवलेले पानांचे संच) सुटे करून घ्या. नंतर पुन्हा शिवता येतात.

ओसीआर की टायपिंग ठरत नसेल तर मधली, फिकट छपाईची १० पाने ओसीआरला देऊन चुका मोजा. पानामागे ४०-५० निघाल्या तर टायपिंगच स्वस्त पडते.